माफीचं पत्र कुणाला?

टेक्सासमधल्या एका शहरात टीन कोर्टाचं, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या कोर्टाचं, काम मी बघते. खोली नगर न्यायालयाचीच, पण संध्याकाळी तिथे वकील शाळकरी, ज्युरी शाळकरी. मोठं माणूस म्हणजे न्यायाधीश. याच राज्यातल्या ओडेसा शहरात १९८३ साली असं कोर्ट सुरू झालं, आता देशभर आहेत. गुन्हा केला की नाही, हा वाद इथे होत नाही. तो आधीच, पालकांना शेजारी उभं करून, खऱ्या न्यायाधीशापुढे मिटलेला असतो. आम्ही फक्त शिक्षा ठरवतो. ती मुदतीत पूर्ण केली की खटला रद्द.

आपल्या लोकांच्या गळी हे उतरवणं कठीण. "ताई, दंड भरतो आणि मोकळे होतो ना," एका आरोपी मुलीचे बाबा म्हणाले. दंड भरला की दोष सिद्ध, आणि तो नोंदीवर राहतो! हेच पालक आपल्या मुलांना इथे वकिली करायला हौसेने पाठवतात, कॉलेजच्या अर्जात शोभतं म्हणून. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती मुलगी सोळाची. दुकानातून लिपस्टिक उचललेली. शंभर डॉलरच्या आतली चोरी, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातला गुन्हा. सरकारी बाजूचा मुलगा दुकानदारांच्या नुकसानीवर तडफेने बोलला. बचावाच्या मुलीने हिचे मार्क आणि व्हायोलिन सांगितलं. पोलिसांच्या अहवालातली एक ओळ मात्र दोघांनीही सोडून दिली: लिपस्टिक सापडली ती सोबतच्या सहा वर्षांच्या भावाच्या हुडीच्या खिशात.

ज्युरीतल्या एका मुलाने ती धरली. तो स्वतः आधी इथेच आरोपी होता; ज्युरीत बसणं हा त्याच्या शिक्षेचाच भाग. अशी मुलं नसती तर हे समवयस्कांचं कोर्ट नावापुरतंच उरलं असतं, हे माझं ठाम मत आहे.

ज्युरी दार लावून बसते, आम्हाला आत मज्जाव. थोड्या वेळाने चिठ्ठी आली: माफीचं पत्र दुकानाऐवजी भावाला लिहायला लावलं तर चालेल का? न्यायाधीशांनी होकार दिला. समाजसेवेचे तास कमीत कमी, ज्युरीच्या दोन पाळ्या, आणि पत्र घरी भावाला वाचून दाखवायचं.

तासांचा आकडा तिने मान खाली घालून ऐकला. पत्राचं ऐकताच वळून बाबांकडे पाहिलं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "त्याला आम्ही सांगितलंय की तो खेळ होता. आता काय सांगू?"

ज्युरीने नेमक्या जागी बोट ठेवलं, यात मला शंका नाही. पण ताईने आपला वापर केला, हे त्या चिमुरड्याला कळणं ही शिक्षा नक्की कुणाला?

पत्र आलं. 'वाचून दाखवलं' याखाली बाबांची सही. नव्वद दिवसांच्या आत सगळं पुरं, खटला रद्द. खरंच वाचलं का, हे खोदून विचारायचा अधिकार मला नाही. ज्युरीतला तो मुलगा मात्र पुढच्या पाळीला आल्या आल्या म्हणाला, "त्या छोट्याला सांगितलं का तिने?" फाइलमधलं काही सांगायची मला मुभा नाही. मी त्याला तेवढंच सांगितलं.