ककणेराच्या कामाला फंडिंग मिळवताना

माझी पीएचडी ककणेरावर, म्हणजे मलबार कवड्या धनेशावर, आणि तोही अभयारण्यातला नाही तर आमच्या रत्नागिरीकडच्या आंबा-काजूच्या बागांमधला. पैशाचं गाडं इथूनच अडायला लागतं. प्रपोजल वाचणारे पहिलं विचारतात, काम कुठल्या संरक्षित क्षेत्रात? आता आमच्याकडे वनखात्याची जमीन अगदीच थोडी, रान उरलंय ते बहुतेक खासगी, आणि ककणेर ढोली धरतो ती कोणाच्या तरी परसातल्या जुन्या आंब्यात नाहीतर गडग्याकडेच्या (दगडी कुंपणाकडेच्या) सातविणीत. वनवाल्यांना जमीन खासगी वाटते, शेतीवाल्यांना पक्षी परका, आपण मधल्यामधे लटकलेले.

त्यात विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर मोठा प्रोजेक्ट टाकता येत नाही, कायम नोकरीतला गाइड लागतो. सर तयार होते, पण त्याच सुमारास संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ सर्ब जाऊन त्याच्या जागी एएनआरएफ आलं (कायदा २०२३ चा), मग पोर्टल नवीन, फॉरमॅट नवीन. यूजीसीचे मायनर प्रोजेक्ट तर कधीच आटले. शेवटी विद्यापीठाच्या छोट्या ग्रँटमधून पेट्रोल सुटलं, आणि मोठ्या प्रपोजलला आम्ही एक गोष्ट जोडली जी माझ्या मते कामाला आली, ती म्हणजे ढोलीच्या प्रत्येक झाडामागे मालकाचं संमतीपत्र आणि सातबारा. जागा कुठली हा प्रश्न नंतर परत आला नाही.

मंजुरी आली म्हणजे सुटलो असं वाटतं, पण खरी गंमत पुढे. ककणेराची मादी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत मे उजाडतो. नर येतो, फांदीवर बसून मान झटकत घशातून एकेक फळ वर काढतो आणि त्या फटीतून आत देतो, आपण खाली बसून मोजायचं, उंबर किती, काजरा किती. आणि हे ऐन रंगात असताना ३१ मार्च! मादी आत कोंडलेली, इकडे अकाउंटवाल्या मॅडम म्हणतात बुक्स क्लोज, उरलेले पैसे पुढच्या वर्षी ओढायचे तर परवानगीचं पत्र आणा, आणि जीएफआर १२-ए या सरकारी फॉर्ममधलं यूसी, म्हणजे पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला, ऑडिट होऊन गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. जेआरएफचे, म्हणजे पीएचडीवाल्याच्या फेलोशिपचे, महिना ३७,००० कागदावर झकास दिसतात, हातात येतात ते कधीतरी एकदम, तोवर घरच्यांकडे हात पसरायचा.

बिलांचं तर विचारूच नका. झाडावर चढून कॅमेरा बांधणारा गावातला दादा, त्याच्याकडे जीएसटी बिल कुठनं आणायचं? आधारची झेरॉक्स, साधं व्हाउचर, सरांची सही आणि रक्कम पाच हजारांच्या वर गेली की रेव्हेन्यू स्टॅम्प, एवढ्यावर भागतं, पण हे कामाच्या आधी लेखी ठरवून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. यंदा पैसे ओढायचं पत्र आम्ही डिसेंबरातच टाकलंय, आणि बॅटऱ्या-मेमरी कार्डं ढोल्या बंद व्हायच्या आधीच घेणार.

ढोलीचं झाड राखणाऱ्या मालकाला थोडा मोबदला द्यावा म्हणून बजेटमध्ये वेगळं हेड मागितलं होतं, ते मात्र ‘संशोधनात बसत नाही’ म्हणून कापलं गेलं. लाकडाचा व्यापारी बागेत येऊन रोख मोजतो, त्याला कोण यूसी मागतंय. तेवढ्या पैशासाठी आता दुसरीकडे अर्ज केलाय, निकाल यायचाय.