सरांचा बर्णबा

स्मरणिका समितीचं पत्र आलं. शाळेच्या जडणघडणीविषयी लिहा म्हणतात. ते इतर मंडळी लिहितीलच. मी शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या तासाच्या सरांविषयीच लिहिणार. कोणते सर, हे बोर्डिंगच्या मुलांना सांगायला नको.

ख्रिस्ती मंडळीच्या आरंभीची माणसं म्हटलं की सगळ्यांना पेत्र आणि पौल आठवतात. परीक्षेतले प्रश्नही त्यांच्यावरच असायचे. सरांचा जीव मात्र बर्णबावर. कुप्र, म्हणजे आजच्या सायप्रस बेटावरचा हा लेवी, मंदिराची सेवा करणाऱ्या यहुदी वंशातला. शेत विकलं आणि पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या पायाशी ठेवले. कालपर्यंत ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल, म्हणजेच पुढचा पौल, यरुशलेमात आला तेव्हा सगळे त्याला भ्यायले. त्याचा हात धरून प्रेषितांकडे नेलं ते बर्णबानेच. पुढे तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं तेही त्यानेच. "तो गेला नसता तर रोमकरांस पत्र कुणी लिहिलं असतं?" असं सर विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता फळ्यावर नकाशा काढायला वळायचे.

एकदा म्हणाले, "प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13. आधी 'बर्णबा आणि शौल' आहे. क्रम कुठे उलटतो ते शोधा." आम्ही ओळ अन् ओळ धुंडाळली. बेट सोडल्यावर 'पौल आणि बर्णबा' सुरू होतं. "आता बर्णबा कुठे कुरकुरलाय ते दाखवा." अर्थातच कुणाला सापडलं नाही. अध्याय 15 मध्ये यरुशलेमची सभा भरते, तिथे पुन्हा बर्णबाचं नाव आधी. हे सांगताना सरांचा चेहरा असा खुलायचा की जणू त्यांच्याच घरचं कुणी निवडून आलंय.

लुस्त्रा गावाचं नाटक आठवतंय ना? जन्मापासून पांगळा माणूस पौलाच्या शब्दावर उभा राहतो आणि गाव या दोघांनाच देव समजतं. बर्णबा झ्यूस, पौल हर्मीस! गाववाले आपल्या लुकवनी भाषेत ओरडतात, म्हणून सरांनी गर्दीत सगळी धुळ्याकडची मुलं घातली आणि त्यांना अहिराणीत बोलायला सांगितलं. "देव उनात रे, देव उनात!" म्हणत ती धावली. या देवांना बळी द्यायला आणलेल्या बैलात गोणपाटाखाली दोघेजण होते. पुढचा माळ घालून घ्यायला थांबला, मागचा चालतच राहिला. बैल मोडला. सभागृह हसून लोळलं. मी बर्णबा होतो. कपडे फाडून "आम्हीही माणसंच आहोत" म्हणायचं होतं, पण सदरा फाटेचना. विंगेतून सर ओरडले, "बटणं तोड!"

सर निःपक्षपाती नव्हते, हेही लिहायला हवं. मार्क नावाच्या सोबत्यावरून पौल आणि बर्णबा यांची फाटाफूट झाली, त्यात पौलाची बाजू त्यांनी कधी धड मांडलीच नाही. अर्ध्या वाटेवरून परतलेला पोरगा पुन्हा बरोबर कशाला, हे पौलाचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. शिवाय मार्क बर्णबाचा नातलग. अंत्युखियात जेवणाच्या पंक्तीवरून पौलाने पेत्राला तोंडावर सुनावलं, तेव्हा बर्णबाही पेत्राच्याच बाजूला वाहवला होता. गलतीकरांस पत्रातला तो भाग सर भराभर उरकत. पण 'मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे' हे पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं वाक्य मात्र ते दरवर्षी दोनदा वाचायला लावत.

मुलगा जहाज कंपनीच्या नोकरीत सायप्रसमधल्या लिमासोलला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा हट्टाने सालामीसजवळची बर्णबाची कबर पाहिली. शेजारच्या मठात आता संग्रहालय आहे. परंपरा सांगते की पाचव्या शतकात ही कबर सापडली आणि छातीवर मत्तयाचं शुभवर्तमान होतं. त्या जोरावर तिथल्या ख्रिस्ती मंडळीने आपलं स्वातंत्र्य टिकवलं, आणि त्याचीच खूण म्हणून सायप्रसचे आर्चबिशप आजही लाल शाईने सही करतात. सर असते तर एवढ्यावर पुरा तास घेतला असता.

शास्त्राचा तास आता आठवड्यातून एकदाच होतो, असं कळलं. सभागृहातही मधोमध भिंत घातली म्हणे. समितीला माझी विनंती एवढीच, की महोत्सवात लुस्त्राचं नाटक बसवा. गोणपाटाचा आणि माळांचा खर्च मी देतो.