काकांना खोटं सांगितलं

खोटं बोलायची काही गरज नव्हती. ठाकुरद्वारच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी घड्याळ हातात घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि सहज विचारलं, "कोणाचं?" मी म्हटलं, "बाबांचं."

बंगळूरहून आणलंय मी ते. चिकपेटजवळच्या रविवारच्या बाजारात, 900 रुपयांना. आदल्या दिवशी जालहळ्ळीला एचएमटीचं म्युझियम पाहिलं होतं, डोक्यात तेच घोळत होतं. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला कारखाना, आणि 2016 मध्ये घड्याळाची कंपनी बंद करायचंच ठरलं. त्यांच्या घड्याळांतली ही 'जनता'. 17 ज्वेलची, म्हणजे आत चाकं झिजू नयेत म्हणून बसवलेले 17 बारीक खडे. चावीची, बंद पडलेली. प्रवासाची आठवण म्हणून घेतली. एवढंच सांगायचं होतं.

"कुठे होते वडील?"

"बेस्टमध्ये. कंडक्टर." हे मात्र खरं.

काकांनी मागचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. आतून सुईने ओरखडलेल्या बारीक तारखा. 12.4.79. मग 3.11.86. तिसरी पुसट. "ज्याने ज्याने उघडलं त्याने खूण करून ठेवलीय. वडील वेळच्या वेळी ऑइलिंग करून घ्यायचे." मी मान हलवली. कुणा परक्या माणसाची निगुती मी बाबांच्या नावावर चढवली.

तेव्हापासून टोचतंय. कारण बाबांचं घड्याळ होतं. पार्ल्याला येताना ट्रंक भंगारात गेली, त्यात तेही गेलं. न उघडता मीच दिली होती. दादा तो विषय काढत नाही. आईचं तर... जाऊ दे. काल भाजी चिरता चिरता रडूच आलं. सगळ्यांनी सगळं जपलं, माझ्याच हातून कसं गेलं? आणि आता बाजारातलं घड्याळ आणून त्याला बाबांचं म्हणायचं?

आज घड्याळ आणायला गेले. काकांनी एकेक चाक सुटं करून पेट्रोलमध्ये धुतलं होतं, मेन स्प्रिंग नवी, काच नवी. डायल मात्र होती तशीच. कडेने पिवळट, सहाच्या आकड्याशी तपकिरी डाग. मला धास्ती होती ती रंगवलेल्या चकचकीत डायलची. तसल्या घड्याळांना शौकीन लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि हात लावत नाहीत.

"वडिलांनी रोज पाहिलेली डायल आहे. ती कशाला बदलायची?" काका म्हणाले.

म्हणजे मी खरं बोलले असते तर तो डाग कदाचित गेला असता. आणि मला तर तोच सगळ्यात आवडलाय. पाणी शिरलं असेल एखाद्या पावसात. पुसून पुन्हा घातलं असेल त्या परक्या माणसाने, आणि वर्षानुवर्षं चावी दिली असेल. मग त्याच्या घरीही कुणीतरी ट्रंक न उघडता देऊन टाकली असेल. टॅक्सीत हे सुचलं आणि बऱ्याच दिवसांनी छाती जरा हलकी झाली.

झाकणात आता चौथी तारीख आहे, काकांच्या हातची.

घड्याळ कानाला लावलं की सेकंदाला पाच ठोके. दिवसाला चार मिनिटं पुढे जातंय, म्हणून मंगळवारी परत बोलावलंय. तेव्हा काकांना सांगायचं की नाही, अजून ठरत नाही. संध्याकाळी चावी दिली. घट्ट लागलं की थांबायचं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.