दोघांची तपासणी

मूल होत नाही म्हणून आम्ही पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा एक फाइल तयार झाली आणि तिच्यावर माझ्या पत्नीचे नाव पडले. पुढची जवळपास दोन वर्षे त्या फाइलमध्ये जे जे कागद जमा होत गेले, ते सगळे तिचेच होते. माझा पहिला कागद तिथे लागला तो तेविसाव्या महिन्यात, आणि त्या एका कागदाने आधीच्या बहुतेक कागदांचा अर्थ बदलून टाकला. ज्या तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही आणि जिचा निकाल सहसा एक-दोन दिवसांत हातात येतो, ती सर्वांत शेवटी होण्याचे प्रकार अजूनही पुष्कळ घरांत घडतात. म्हणून आमचे काय झाले ते सविस्तर लिहितो आहे.

कोणतेही गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध ठेवूनही १२ महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर त्याला वैद्यकीय भाषेत वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर थांबू नये, सहा महिन्यांतच तपासण्या सुरू कराव्यात. पाळी फारच अनियमित असेल किंवा पूर्वी ओटीपोटाचा गंभीर संसर्ग झालेला असेल तर त्याहूनही आधी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावे लागते. आणि अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. हे मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत करून घ्यावे असे वाटलेही नाही, हे अधिक खरे आहे.

पत्नीच्या तपासण्या क्रमाने होत गेल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच, बीज सुटते की नाही हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉन, मग पाळीच्या ठरावीक दिवसांपासून दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. बीज दर महिन्याला वेळेवर सुटत होते. तरीही बीज वाढवण्याच्या गोळ्या काही महिने दिल्या गेल्या. ज्यांचे बीज नियमित सुटत नाही, विशेषतः ज्यांना पीसीओएस, म्हणजे पाळी आणि बीज सुटणे बिघडवणारा संप्रेरकांचा विकार आहे, त्यांच्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या उत्तम उपचार आहेत. पण आमच्या बाबतीत त्या कोणत्या अडचणीवर दिल्या जात होत्या, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. त्यानंतर गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी एचएसजी झाली. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. ती बाहेर आली तेव्हा एका हाताने पोट दाबून भिंतीच्या आधाराने चालत होती, आणि मला पाहताच पहिले वाक्य बोलली ते हे, की दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत. मी सुटकेचा श्वास टाकला. तिचे सगळे ठीक असेल तर आता माझ्याकडे पाहायला हवे, हे त्या क्षणीही माझ्या मनात आले नाही.

आमच्या पहिल्या डॉक्टरांनी वीर्यतपासणी सांगितली नाही, ही त्यांची चूक होती असे मी आजही मानतो. पण ती मी स्वतःहून मागितली नाही, यामागे निव्वळ अज्ञान नव्हते. संबंधांत काही अडचण नाही म्हणजे पुरुषात दोष नाही, अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीच्या तळाशी भीतीही होती. लैंगिक क्षमता आणि शुक्राणूंची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्य दिसायला अगदी नेहमीसारखे असूनही त्यात एकही शुक्राणू नसू शकतो. डोळ्यांनी पाहून ते कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक लहान झाकणाची डबी माझ्या हातात ठेवली. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना पूर्ण गोळा करायचा, डबीवर नाव आणि वेळ लिहायची, आणि घरून आणणार असाल तर अर्ध्या-एक तासाच्या आत, शरीराच्या उबेला धरून प्रयोगशाळेत पोचवायची. मी ती शर्टाच्या आत छातीशी धरून नेली. खिडकीवर देताना झाकण पुन्हा एकदा घट्ट केले आणि तिथल्या बाईंकडे न पाहताच वळलो. निकालात शुक्राणूंची संख्या एका मिलिलिटरमध्ये ४० लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत संदर्भमूल्याची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे.

एका निकालावर शिक्का मारायचा नसतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तरी संख्या घसरू शकते. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा केली आणि आकडा जवळपास तसाच आला. धूम्रपान, अतिरिक्त वजन, काही औषधे, वृषणाजवळच्या शिरा फुगणे म्हणजे व्हेरिकोसील, संप्रेरकांची गडबड अशी कारणे शोधली जातात. एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो, कारण तरुणांना ती कुणी सांगत नाही. शरीर कमावण्यासाठी घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणू वाढवत नाही, उलट त्यांची निर्मिती बंद पाडते. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना आदेश देणे थांबवतो. ते बंद केल्यावर बहुतेकांची संख्या परत येते, पण त्याला कित्येक महिने लागू शकतात. माझ्या बाबतीत यांपैकी कोणतेच कारण सापडले नाही, आणि असेही पुष्कळांचे होते.

मग उपचारांचा विचार आला. आययूआयमध्ये वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्राणू बीज सुटण्याच्या सुमारास थेट गर्भाशयात सोडतात. शरीराला त्याचा त्रास कमी, पण त्यासाठी निदान एक नळी मोकळी आणि हालचाल करणारे शुक्राणू पुरेसे असावे लागतात. माझ्या आकड्यांवर त्यातून फारशी आशा धरता येत नव्हती. आयव्हीएफमध्ये बीज शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करतात. अशा पद्धतीने जगातले पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. मात्र तिथेही शुक्राणूला बीजात स्वतःहून शिरावे लागते. इक्सीमध्ये एकच शुक्राणू बारीक सुईने बीजात सोडतात. ही पद्धत १९९२ मध्ये यशस्वी झाली, आणि तोवर माझ्यासारख्या अनेकांपुढे दात्याचे वीर्य किंवा दत्तक हेच मार्ग उरत असत. तेही मार्ग पूर्ण मानाचे आहेत. आम्ही त्यांवर बोललो आणि त्याआधी इक्सी करून पाहायचे ठरवले.

काही महिने आणखी वाट पाहण्याचा सल्ला नातेवाइकांनी दिला. तो आम्ही मानला नाही, कारण स्त्रीच्या बीजांचा साठा जन्मापासून ठरलेला असतो आणि तो कमीच होत जातो. पस्तिशीनंतर बीजांची गुणवत्ताही वेगाने घटते. पत्नी ३४ वर्षांची होती. तिच्या वयातली जवळपास दोन वर्षे माझ्या संकोचाने खर्ची पडली होती, आणि त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एवढेच म्हणाली, की एचएसजीच्या आधी ही डबी आणायला हवी होती.

एका वेळी अनेक बीजे वाढावीत म्हणून पत्नीला अकरा दिवस रोज पोटात इंजेक्शने झाली. शेवटचे इंजेक्शन मिनिटांच्या हिशेबाने द्यावे लागते, कारण त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीजे काढायची असतात. ११ बीजे निघाली, त्यांतली ८ परिपक्व होती, ६ फलित झाली आणि पाचव्या दिवसापर्यंत ३ गर्भ टिकले. ही गळती स्वाभाविक आहे, पण आधी नीट समजावून सांगितलेली नसेल तर रोजचा फोन जिवावर येतो. बीजांडकोश फार सुजून पोटात पाणी साचण्याचा धोका दिसल्याने गर्भ त्याच महिन्यात न सोडता गोठवले गेले. पहिला गर्भ दोन महिन्यांनी सोडला. तो रुजला नाही. त्या रात्री आम्ही दिवा न लावता बसून राहिलो.

आता दोन गर्भ शिल्लक आहेत. दोन्ही एकदम सोडावेत असा मोह होतो, पण जुळ्यांच्या गर्भारपणात वेळेआधी प्रसूतीचा आणि आईच्या रक्तदाबाचा धोका बराच वाढतो, म्हणून डॉक्टर एकच सोडणार आहेत आणि आम्हा दोघांना ते पटले आहे. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्या गोळ्या सुरू होतील आणि नंतर गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहायला सकाळच्या सोनोग्राफी असतील. आधीच्या दोन वर्षांत त्यांतल्या बहुतेक तपासण्यांना ती एकटी गेली होती. या वेळच्या सगळ्या तारखांची रजा मी कामावर आधीच सांगून ठेवली आहे.