प्लेसिओसॉरसची मान

आम्हा फिजिओथेरपिस्ट लोकांना खोडच असते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये भिंतीवरच्या प्लेसिओसॉरस या प्राचीन सागरी प्राण्याच्या सांगाड्यासमोर उभी राहिले आणि आधी मानेचे मणके मोजायला लागले. माणसाला ७. जिराफालाही ७च, फक्त एकेक मणका लांबलचक. आणि या गड्याला ४०च्या आसपास! अंग जेमतेम तीन-साडेतीन मीटर, त्यात डोकं इवलंसं आणि पायांच्या जागी चार वल्ही.

एवढे मणके म्हणजे मान हवी तशी वळत असणार, असं वाटतं. तसं नाही. मणके एकमेकांना खेटून बसलेले, त्यामुळे दोन मणक्यांमध्ये हालचाल थोडीच. चित्रांत पाण्याबाहेर हंसासारखी उंच मान काढलेला प्लेसिओसॉरस दिसतो ना, ते त्याला जमणारं नव्हतं. (आणि हो, हा डायनोसॉर नव्हे. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा सागरी सरपटणारा प्राणी.)

ही मान पाहून पॅरिसचा जॉर्ज क्युव्हिएही बिचकला होता. त्या काळी हाडांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याला शंका आली की कुणीतरी दोन प्राण्यांची हाडं जोडून दिली आहेत. हा संशय सरळ सांगाडा शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगवर होता. इंग्लंडच्या लाइम रीजिसमधल्या सुताराची ही मुलगी जीवाश्म विकून घर चालवायची. हिवाळ्यात वादळांनी कडे ढासळले की हाडं उघडी पडतात. समुद्राने ती ओढून नेण्याआधी गाठायची. हा सांगाडा तिने डिसेंबर १८२३मध्ये काढला. पुढे १८३३मध्ये असाच कडा कोसळला आणि तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गेला.

फेब्रुवारी १८२४मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेत, विल्यम कोनिबेअर या भूशास्त्रज्ञाने सांगाड्यावर भाषण दिलं, क्युव्हिएनेही मग तो खरा मानला. भाषणात मेरीचं नाव नाही. सोसायटीने बायकांना सभासद करून घेतलं ते थेट १९१९मध्ये, आणि मेरी तर १८४७मध्येच गेली होती. मला याचा अजून राग येतो.

कारण तिला नुसती हाडं सापडत नव्हती, ती कळतही होती. आजचे मासे चिरून ती त्यांची रचना तपासायची. २६ डिसेंबर १८२३च्या पत्रात तिने या सांगाड्याचं चित्र काढलंय. फर्स्ट इयरला आमच्या अ‍ॅनाटॉमीच्या जर्नलमध्ये त्याच्या निम्म्याने नीट चित्र असतं, तर मॅडमनी पहिल्या फेरीत सही दिली असती.