विचारी म्हणजे नक्की कोण?

आमच्याकडे विचारी म्हटलं की गंभीर चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस डोळ्यासमोर येतो, मला मात्र हल्ली वेगळंच वाटायला लागलंय.

परवा संध्याकाळी वाशीहून ठाण्याला येत होते, ट्रान्सहार्बर मार्गाच्या लोकलने, लेडीज डबा, नेहमीसारखी तुडुंब गर्दी. खिडकीशी बसलेली एक मुलगी इतकी गाढ झोपलेली की मांडीवरची डब्याची पिशवी घसरून पार गुडघ्यापर्यंत आलेली. शेजारच्या काकूंनी ती पिशवी अलगद स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि कोपरखैरणे गेल्यावर हळूच तिच्या हाताला हात लावून म्हणाल्या, "बाळा, घणसोली येतंय हं." नंतर कळलं, काकूंनी तुर्भ्याला बसतानाच नेहमीसारखं "कुठे उतरणार?" विचारलेलं, ते सीटसाठी, पण लक्षात ठेवलं भलत्याच कामासाठी! मुलगी धडपडत उठली, थॅंक्यू म्हणायलाही वेळ नव्हता, आणि काकू परत मोबाईलवर भाजी निवडायचे व्हिडिओ बघायला मोकळ्या.

याउलट माझ्या एक नातेवाईक आहेत, सगळ्यांची भरपूर विचारपूस करतात, पण भर लग्नात, चारचौघांत, "नोकरीचं काय झालं गं?" असं. मनात काही वाईट नसतं हो त्यांच्या, पण समोरचीच्या घशात गुलाबजाम अडकतो त्याचं काय?

मी स्वतः त्या दिवशी काय करत होते? कानात इयरफोन घालून उभी, माझी सॅक मागच्या बाईच्या पोटात. ठाणे आल्यावर कळलं.