दहावा हक्क

"कादंबरी अतिशय वाचनीय असून शेवटपर्यंत खिळवून ठेवते."

हे वाक्य त्या दुपारी मी चौथ्यांदा ऐकलं. चार वेगळ्या मुलांकडून, चार वेगळ्या कादंबऱ्यांबद्दल. त्यातली एक कादंबरी मी स्वतः अर्ध्यात सोडून कपाटात ठेवली होती. खुणेला घातलेली कागदाची पट्टी अजून 112व्या पानावर होती, जराही न हललेली. मुलगी मात्र शेवटपर्यंत खिळलेली होती.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. महिन्यातून एकदा, शेवटच्या तासाला, मोठ्या वर्गांतली 14 ते 16 वयाची मुलं ग्रंथालयात जमतात आणि वाचलेल्या कादंबरीविषयी बोलतात. उपक्रम कागदावर फार गोजिरा दिसतो. मुलांनी यायचं, आधी दिलेला छापील फॉर्म भरून आणायचा आणि उभं राहून तो वाचायचा. लेखकाचं नाव, कथानक थोडक्यात, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध. हा फॉर्म मीच तयार केलाय, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. बोधाच्या रकान्यात 'नेहमी खरे बोलावे' हे उत्तर खुनाच्या रहस्यकथेखालीही आलेलं आहे. तसं पाहिलं तर ते चूकही नाही.

त्या दिवशी 17 जण होते. पाचवा मुलगा उठला आणि त्याने वाचलेला परिच्छेद मला ओळखीचा वाटला. दोन फॉर्म शेजारी ठेवले तर 'मानवी नातेसंबंधांची गुंतागुंत हळुवारपणे उलगडणारी' इथपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळं एक. कुठून आणलं हे विचारायची गरज नव्हती. मोबाइलमध्ये एक प्रश्न टाकला की असा अभिप्राय अर्ध्या मिनिटात तयार मिळतो. पूर्वीची मुलं मलपृष्ठावरचा मजकूर उतरवायची. त्यासाठी निदान पुस्तक हातात धरून उलटं तरी करावं लागायचं.

मी रागवायच्या बेतात होते. रागाच्या भरात माणूस सगळ्यात गप्प मुलाकडे बोट दाखवतो, तसं मी खिडकीजवळ बसलेल्या मुलाकडे दाखवलं. "तू सांग. तू काय वाचलंस?"

तो उठला नाही. माझ्या डोक्याच्या वर भिंतीकडे बघत म्हणाला, "मॅडम, दहावा."

आता हे सांगायला हवं. दानिएल पेनाक हे फ्रेंच कादंबरीकार. त्यांनी स्वतः बरीच वर्षं शाळेत शिकवलंय. 1992 साली आलेल्या त्यांच्या वाचनावरच्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क दिलेत. पहिलाच हक्क न वाचण्याचा. मग पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, काहीही वाचण्याचा, असं करत करत शेवटचा, गप्प बसण्याचा. म्हणजे जे वाचलं त्याविषयी कुणालाही काहीही न सांगण्याचा. हे दहाही हक्क मीच सुंदर अक्षरात लिहून माझ्या खुर्चीमागे लावले होते. भिंतीवर ते छान दिसत होते. कुणी ते वापरेल असं मात्र मनात आलं नव्हतं.

मुलं माझ्याकडे बघायला लागली. तक्ता फाडायचा किंवा हक्क मान्य करायचा, दोनच वाटा होत्या. मी म्हटलं, "ठीक आहे. बस." तो बसलेलाच होता.

मग मी सगळ्यांचे फॉर्म गोळा केले, ड्रॉवरमध्ये टाकले आणि एवढंच विचारलं, की वाचताना पुस्तक कुठल्या पानावर मिटावंसं वाटलं? किंवा भिंतीवर फेकावंसं?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. फेकण्याबद्दल शाळेत विचारलं की मुलांना त्यात सापळा दिसतो. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी दर महिन्याला खिळलेली असते, ती म्हणाली, "मला हीरो डोक्यात गेला. ती त्याला पन्नासाव्या पानावर नाही म्हणते. पुढची अडीचशे पानं तो तिच्या मागे फिरतो आणि लेखक म्हणतो की हे प्रेम आहे."

तिथून बांध फुटला. बोअर, क्रिंज, काहीही, रडवलं यार. पाचपैकी दोन स्टार, तेही मुखपृष्ठाला. एकाला खुनी कोण ते तिसाव्या पानावरच कळलं होतं, कारण 'सगळ्यात चांगलं वागणारा तोच असतो, नेहमी'. एकीला वर्णनं गाळायची सवय होती आणि ती गाळूनही गोष्ट कळते याचा तिला राग होता. मग लिहिलीच कशाला? एक मुलगा म्हणाला की त्याला कादंबरी आवडली, पण का ते माहीत नाही, आणि कारण शोधायला गेलं की आवडेनाशी होते. मी जिथे जिथे समीक्षा वाचलीय, तिथे हे वाक्य कुणी लिहिलेलं पाहिलेलं नाही.

मग पुढच्या बाकावरचीनेच विचारलं, "पण आमच्या मताने काय होणार? पुस्तक तर छापून झालेलं असतं."

हा प्रश्न माझ्या आवडीचा. मी खुर्ची ओढली. 'द हॉबिट' कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकाकडे आलं तेव्हा त्याने ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं. अशा अभिप्रायाचा मुलाचा दर होता एक शिलिंग. मुलाने लिहून दिलं की गोष्ट चांगली आहे, पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा असल्याने त्याने स्वतःला सोयीस्करपणे वगळलं. हे 1936 सालचं. पुढच्या वर्षी पुस्तक बाजारात आलं.

"एक शिलिंग आम्हाला पण द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

दुसरं उदाहरण 'चौघीजणी'चं. शान्ता शेळक्यांचा हा अनुवाद आमच्या ग्रंथालयातून सतत बाहेर असतो. मूळ इंग्रजी कादंबरी 'लिटल विमेन', लेखिका लुइसा मे अल्कॉट. तिने सुरुवातीची प्रकरणं पाठवली तेव्हा प्रकाशकाला ती कंटाळवाणी वाटली, आणि गंमत म्हणजे तिला स्वतःलाही. पण ज्या मुलींनी हस्तलिखित वाचलं त्या खूश झाल्या. मग अल्कॉटनेही मान्य केलं की पुस्तक त्यांच्यासाठी आहे, तेव्हा परीक्षकही त्याच. पहिला भाग 1868मध्ये आला. लगेच मुलींची पत्रं सुरू झाली. चार बहिणींतल्या, लिहिण्याचं वेड असलेल्या ज्योचं शेजारच्या लॉरीशी लग्न लावा. अल्कॉट वैतागली. तिच्या मनात ज्यो लेखिका म्हणून एकटीच राहायला हवी होती. पण एवढ्या पत्रांपुढे अगदीच नाही म्हणवेना, तेव्हा 1869मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तिने, निव्वळ हट्टाने, ज्योला लॉरीला नकार द्यायला लावला आणि तिच्यासाठी एक विचित्रच जोडीदार काढला. वयाने बराच मोठा जर्मन प्राध्यापक.

मी थांबले. शेजारच्या बाकावर एक मुलगी 'चौघीजणी' छातीशी धरून बसली होती. पुस्तकातली खूण अजून मध्याच्या अलीकडे होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही शेवट सांगितलात."

मी म्हटलं, अगं, दीडशे वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे. ती म्हणाली, "मी या आठवड्यात वाचायला घेतलंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी माफी मागितली. मोठ्यांनी माफी मागितली की मुलं क्षणभर गोंधळतात, आणि मग भांडायला एकदम मोकळी होतात. लेखिकेने वाचकांवर सूड उगवला की काय? तिचंच पात्र आहे, ती काहीही करेल. मग छापायचं कशाला, वहीत ठेवायचं. एक मुलगा म्हणाला, "पण ज्यो नाही म्हणाली ना? मग विषय संपला." पुढच्या बाकावरचीने त्याच्याकडे आदराने पाहिलं.

"मोठ्यांना आमच्या वयाचं लिहिताच येत नाही," कुणीतरी निकाल दिला. यावर मला अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन आठवली. तिलाही तेच वाटायचं, म्हणून तिने पंधराव्या वर्षी स्वतःच कादंबरी लिहायला घेतली आणि 1967मध्ये ती छापून आली तेव्हा ती 18 वर्षांची होती. पण मी आधीच एकदा जीभ सैल सोडून बसले होते. यावेळी कादंबरीत काय घडतं ते सांगितलं नाही.

तास संपायला दहा मिनिटं असतील. खिडकीकडून आवाज आला.

"ती कादंबरी खोटी आहे."

कुठली? त्याने टेबलावर बोट दाखवलं. 'ग्रंथपालांची निवड' अशी पाटी लावून मी जी चार पुस्तकं मांडते, त्यातलं सगळ्यात वरचं. नाव देत नाही. एवढंच सांगते, की त्या कादंबरीवर मी एका नियतकालिकात दीड पान लिहिलं होतं आणि त्यात 'संयत' हा शब्द तीनदा होता.

"वाचलीस तू?"

"दोनदा," तो म्हणाला. "पान 187 वर वडील त्याच्याशी बोलणं बंद करतात. 190 वर मिठी मारतात. मध्ये नुसता पाऊस पडतोय."

मुलं हसली. मी हसले नाही, कारण मी उत्तर जुळवत होते. मी म्हटलंही, की कादंबरीत मधला काळ गेला हे दाखवायची ती एक पद्धत असते. पाऊस म्हणजे नुसता पाऊस नसतो. त्याने नीट ऐकून घेतलं.

"हो, पण मॅडम, त्या दिवसांत ते एका घरातच राहतात ना? मग बोलायचं नाही म्हटल्यावर दार कोण उघडतं? आईला मधे घालावं लागतं. 'त्याला सांग, फी भरलीय.' आणि मी तिथे समोरच असतो. हे काहीच नाही त्यात."

'तो'चा 'मी' कधी झाला हे त्याच्या लक्षात आलं नसावं. बाकी सोळा जणांच्या आलं. कुणी हललं नाही.

'चौघीजणी'वालीने विचारलं, "किती दिवस?"

"सात महिने."

"मग आधी कोण बोललं?"

"ते."

"काय म्हणाले?"

"रिमोट कुठंय."

एक क्षण सगळे गप्प. मग तो स्वतःच हसला, आणि त्याच्यामागून सगळा वर्ग. "खरंच," तो म्हणाला, "मिठीबिठी काही नाही. मी रिमोट दिला. संपलं."

ज्या दोघांचे फॉर्म शब्दशः सारखे होते, त्यातला एक म्हणाला, "असं लिहिलं असतं तर मी खरंच वाचली असती." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय कबूल केलं, आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून तो वाचला.

मी ती कादंबरी घरी नेली. 187 ते 190 ही पानं वाचली. पाऊस चांगला आहे. अडचण तीच आहे, तो फार चांगला लिहिलेला पाऊस आहे. माझ्या प्रतीत समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, त्यातली दोन वाक्यं मी माझ्या लेखात उद्धृत केली होती. पत्र्यावरचा आवाज, पागोळ्या, डबक्यातलं आभाळ. इतक्या वेळा वाचून त्या पावसात मी एकदाही घरात डोकावले नव्हते. दोन माणसं तिथे आत होती आणि लेखकाने आम्हा दोघांनाही, मला आणि स्वतःला, बाहेर अंगणात उभं ठेवलं होतं. कोरडं आत होतं हे त्या मुलाला माहीत होतं.

त्याच्या घरचं विचारावं का, हा प्रश्न मला बराच वेळ पुरला. सात महिने ही थोडी गोष्ट नव्हे. पण तो जे बोलला ते कादंबरीविषयी बोलला होता, आणि हक्क मोडायचा तर तो त्याने स्वतःहून मोडला होता. मीही कादंबरीविषयीच बोलायचं ठरवलं. हे बरोबर होतं की पळवाट, ते अजून नक्की ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो आला. देवघेवीच्या खिडकीशी उगाच रेंगाळला.

मी म्हटलं, "ती तीन पानं परत वाचली. तुझं बरोबर आहे."

"188 चांगलंय पण," तो म्हणाला. "बेडकांचं."

माझ्या लेखात बेडूक नव्हते.

"मॅडम, 'चौघीजणी' आहे का?"

बाहेर गेलंय, मी सांगितलं, आणि कालच्या तासानंतर दोघांनी नंबर लावलाय. तुझा तिसरा. तो म्हणाला चालेल. मग आजूबाजूला बघून हळू आवाजात, "त्याला कव्हर घालून मिळेल?"

"मिळेल. पण शेवट तर तुला आता माहीत आहे."

"हो," तो म्हणाला. "ती नाही कसं म्हणते ते वाचायचंय."

मी नोंदवही उघडली आणि तिसऱ्या ओळीत त्याचं नाव लिहिलं.